चावडीवर सूचना लागते, त्याआधी

मराठी विकिपीडियाच्या ‘चावडी’वर कधी तांत्रिक बदलांची बातमी लागते, कधी विश्वस्तांच्या निवडणुकीची, कधी नव्या धोरणाची. मूळ मजकूर बहुतेक वेळा इंग्रजीत लिहिलेला असतो. तीनशेहून अधिक भाषांच्या या परिवारात तो आपापल्या भाषेत आणतात ते मुख्यतः स्वयंसेवक. त्यांची मोट बांधायचं काम मी बरीच वर्षं करते आहे.

‘टेक न्यूज’ हे तांत्रिक बदलांचं साप्ताहिक वार्तापत्र २०१३पासून निघतं. आठवडा सरता सरता त्याचा इंग्रजी मजकूर पक्का होतो, अनुवादकांना निरोप जातो आणि सोमवारी अंक सुटतो. हातात उरतात शनिवार-रविवार. कुणाकडे लग्नकार्य असतं, कुणाची सोमवारी परीक्षा असते. अनुवाद तयार असेल त्या भाषेत अंक पोचतो, नसेल तिथे इंग्रजीच जातो. मंगळवारी आलेला अनुवाद कितीही सरस असला तरी त्या आठवड्याच्या उपयोगाचा राहत नाही. म्हणून शनिवारी सकाळी मी एवढंच विचारते, ‘आज कोण मोकळं आहे?’

एका मोठ्या घोषणेच्या वेळचा प्रसंग. नागपूरच्या एका प्राध्यापकांनी रात्री जागून सगळा मजकूर मराठीत आणला. सकाळी त्यांचा निरोप आला, ‘ताई, काल सगळं संपवून झोपलो होतो. पुन्हा काय बदललं हो? निम्मं पान गुलाबी दिसतंय.’

विकिपीडिया परिवाराच्या समन्वयाचं संकेतस्थळ असलेल्या मेटा-विकीवर मजकुराचे छोटे तुकडे पाडून अनुवाद होतो. मूळ तुकडा बदलला की त्याचा अनुवाद जुना ठरतो आणि गुलाबी रंगात दिसू लागतो. मी दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून पाहिल्या. बदल होता काही स्वल्पविरामांचा आणि एका दुव्याचा! असे किरकोळ बदल करताना ‘आधीचे अनुवाद कायम ठेवा’ असा पर्याय असतो, तो निवडायचा राहून गेला होता. परिणामी जितक्या भाषांत काम झालं होतं, तितक्या भाषांतले ते तुकडे जुने ठरले. संबंधितांना कळवल्यावर दुरुस्ती झाली, पण तोवर एका बंगाली अनुवादकाने ते सगळं पुन्हा तपासून काढलं होतं. त्यांची सकाळ कोण परत देणार? तेव्हापासून माझा आग्रह आहे, लिहिणाऱ्याने ‘आता यात बदल नाही’ असं सांगितल्याशिवाय पान अनुवादाला खुलं करू नये.

नीट तयारी केली तर हेच काम किती सोपं होतं, ते सर्व्हरच्या सूचनेत दिसतं. मार्च आणि सप्टेंबरमध्ये विकिपीडियाचा कारभार अमेरिकेतल्या व्हर्जिनिया आणि टेक्सास इथल्या डेटा सेंटरमध्ये आलटून-पालटून हलवतात. त्या वेळी काही मिनिटं लेख फक्त वाचता येतात, जतन करता येत नाहीत. वेळ बऱ्याचदा असते जागतिक प्रमाणवेळेनुसार दुपारी दोनची, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसात. ऑफिस-कॉलेज आटोपून लोक लिहायला बसतात तीच ही वेळ. ही सूचना मायबोलीत आणि आधी मिळायलाच हवी. अशा मजकुरात तारखेच्या जागी वेगळं चिन्ह ठेवलं की मागचा अनुवाद जसाच्या तसा चालतो, नुसती तारीख बदलते.

फिनलंडच्या निक्लास लॅक्सस्ट्रॉम यांनी सुरू केलेल्या ट्रान्सलेटविकी या सॉफ्टवेअरचे संदेश अनुवादित करण्याच्या संकेतस्थळावरही हाच विचार दिसतो. तिथे एकेका संदेशाशेजारी तो पडद्यावर कुठे दिसणार, त्यातल्या चिन्हाच्या जागी नाव येणार की आकडा, याची टीप देता येते. ज्या संदेशाला टीप नसते, तो अनुवादकांकडे तसाच पडून राहू शकतो.

म्हणून घोषणा लिहिणाऱ्यांना माझं सांगणं आहे: वाक्यं छोटी ठेवा, तारखा सुट्या ठेवा, मजकूर आधी पक्का करा आणि अनुवादकांना निदान एक आठवडा द्या. फुकट मिळणारा वेळ सगळ्यात जपून वापरायचा असतो.

आणि वाचकहो, मेटा-विकीवर खातं उघडा, भाषा मराठी निवडा आणि एखादा परिच्छेद हाती घ्या. अनुवाद जमणार नसेल तर दुसऱ्याचा तपासून द्या. त्याचीही आम्हाला तितकीच गरज आहे.