वाढत्या वयाचा घोटा

सोयाबीनच्या सुड्या मळून झाल्यावर रिसोड तालुक्यातील केनवडसारख्या गावी वावरे मोकळी होतात, तेथे पोरांचे कबड्डी आणि खो-खोचे डाव रंगतात, आणि सुकत चाललेल्या काळ्या मातीच्या भेगेत एखाद्याचा पाय अडकून वळला, म्हणजे ‘लचक भरली’ असा निवाडा देऊन आंबेहळदीचा लेप व तेलाची मालीश यांवर प्रकरण निकालात काढण्याचा आपला जुना दस्तूर आहे. प्रौढांच्या बाबतीत हा निवाडा पुष्कळदा खरा ठरतो. परंतु ११ ते १६ वर्षांच्या मुलामुलींच्या बाबतीत तो रीतसर चौकशीवाचून मान्य करणे धोक्याचे होय.

याचे कारण शरीररचनेतच आहे. नडगीच्या आणि तिच्या शेजारच्या बारीक हाडाच्या खालच्या टोकाजवळ कूर्चेचा एक पातळ पट्टा असतो व हाडाची लांबी त्यातूनच वाढते. घोट्याचे अस्थिबंध या वयात त्या पट्ट्याहून बळकट असल्यामुळे, ज्या हिसक्याने प्रौढाचा अस्थिबंध ताणला जातो, त्याच हिसक्याने मुलाच्या हाडाचे टोक पट्ट्यातून सरकू शकते. नडगीचा पट्टा मुलींत साधारणतः १४व्या आणि मुलांत १६व्या वर्षाच्या सुमारास मिटतो, तोही एकदम नव्हे, तर सुमारे दीड वर्षात, आधी मध्यभागी, मग आतल्या बाजूस आणि सर्वांत शेवटी बाहेरच्या बाजूस. म्हणून या संधिकालात पाऊल बाहेर पिळले गेले, तर अस्थिबंध स्वतः न तुटता पुढच्या बाहेरच्या कोपऱ्यातील हाडाचा तुकडाच उपटून काढतो. फ्रेंच शल्यविशारद पॉल तियो यांच्या नावाने हा अस्थिभंग ओळखला जातो.

निदानाची पहिली पायरी मात्र सोपी आहे. कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या नियमांनुसार, दुखापत होताच आणि पुढे तपासणीच्या वेळीही, लंगडत का होईना, चार पावले टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या टोकावर अथवा मागच्या कडेवर दाबताच कळ येत असेल, तर एक्स-रे काढावा. पाऊल वाकडे, गार वा बधिर झाले असेल, तर क्षणाचाही विलंब नको. तुकडा किती सरकला याचा खुलासा एक्स-रेने झाला नाही, तर सीटी स्कॅन करावे लागते.

अस्थिबंधच ताणला असेल, तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ एका वेळी १५-२० मिनिटे, क्रेप बँडेज, पाय उंचावर आणि थोडी विश्रांती हा इलाज. मग लवकरच हालचाल व एका पायावर तोल सांभाळण्याचा सराव. हाड मोडले पण जागेवर असेल, तर प्लॅस्टर पुरते. सांध्यातील भेग दोन मिलिमीटरहून रुंद असेल, तर बहुधा शस्त्रक्रियेने स्क्रू बसवतात, कारण खडबडीत राहिलेला सांधा पुढे झिजतो. ज्यांची वाढ पुष्कळ बाकी आहे, त्या लहानग्यांचा धोका निराळा: पट्टा अकाली मिटून पाय आखूड वा वाकडा होण्याची भीती असते, म्हणून वेदना थांबल्यावरही डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत फेरतपासणी चुकवू नये. आणि दुखऱ्या पायावर उड्या मारून, धावून, वळून कळ येत नाही अशी खात्री पटेपर्यंत, स्पर्धा कितीही जवळ आली असली तरी, गुरुजींनी त्या खेळाडूला संघात घेऊ नये.