रंग ओळखता येईनात, मग काय केलं?

बारावीत गणितात मार्क कमी पडले, तेव्हा मला वाटलं, संपलं! सायन्स आपलं काम नाही. सातारा-सांगलीकडची बरीच पोरं आजही हेच म्हणतात.

पण लक्ष्मणराव किर्लोस्करांचं बघा. मुंबईत चित्रकला शिकायला गेले आणि कळलं, रंगच नीट ओळखता येत नाहीत. मग ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले. तिथं काम रेघांचं, रंगांचं नाही. पुढे लोखंडी नांगर केला, तर शेतकरी म्हणाले, लोखंडानं जमीन नासते. तरी ते हटले नाहीत. १९१० मध्ये आजच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी उभी राहिली.

म्हणून एक विषय अडला, तर शेजारचा बघा. आयटीआय, डिप्लोमा, तेही तंत्रज्ञानच आहे की!