धाग्याची चित्रभाषा : कसुती

रंग, शाई, दगड आणि धातू ही कलेची माध्यमे म्हणून सर्वमान्य आहेत. धाग्याच्या वाट्याला हा मान क्वचितच येतो. वस्त्र शिवण्याचे एक साधन एवढीच त्याची ओळख राहते. बंगळुरूच्या कस्तुरबा मार्गावर २०२३ मध्ये ‘म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी’ हे संग्रहालय खुले झाले. त्याच्या संग्रहात चित्रे आणि छायाचित्रे यांच्या बरोबरीने वस्त्रांनाही स्थान आहे. धागा हेही एक स्वतंत्र कलामाध्यम आहे, ही जाणीव यातून व्यक्त होते. कर्नाटकाची ‘कसुती’ ही भरतकामाची परंपरा या जाणिवेचा उत्तम दाखला होय.

धाग्याचे गुणधर्म

चित्रकाराचा रंग पृष्ठभागावर पसरतो. धागा मात्र कापडाच्या आरपार जातो आणि किंचित उंच उठून दिसतो. त्यामुळे त्याला स्वतःची छाया लाभते. रेशमाच्या एका कोशातून शेकडो मीटर लांबीचा अखंड तंतू निघतो. त्याचा छेद साधारणतः त्रिकोणी असल्याने त्यावर पडणारा प्रकाश वेगवेगळ्या कोनांतून परावर्तित होतो. म्हणूनच एकाच रंगाचा रेशमी धागा आडवा भरला तर एक छटा दाखवतो आणि उभा भरला तर दुसरी. सुती धागा आखूड तंतूंना पीळ देऊन बनतो. त्याची झळाळी सौम्य असते. धागा कोणता, त्याला पीळ किती आणि टाक्याची दिशा कोणती, या तीन गोष्टींवर भरतकामाचे रूप अवलंबून असते.

रेशमाच्या बाबतीत बंगळुरूचे स्थान विशेष आहे. केंद्रीय रेशीम मंडळाचे मुख्यालय याच शहरात आहे. ‘सिल्क बोर्ड’ हे नाव शहरवासीयांना वाहतुकीच्या कोंडीमुळे अधिक परिचित असले, तरी त्यामागे रेशमाचा मोठा व्यवसाय उभा आहे. रेशीमकोशांच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेले रामनगरही येथून सुमारे ५० किलोमीटरवरच आहे.

मोजून काढलेले चित्र

कसुतीचे माहेर मात्र उत्तर कर्नाटक. धारवाड, हुबळी आणि बेळगाव या परिसरात ती पिढ्यान्‌पिढ्या जोपासली गेली. कन्नड भाषेत ‘कै’ म्हणजे हात आणि ‘सुती’ म्हणजे सूत. त्यावरून हे नाव पडले असे मानतात. मराठी घरांत परिचित असलेले इरकली लुगडे आणि काळी चंद्रकळा यांवर ही कला विशेष खुलते. गोपुर, रथ, पालखी, तुळशीवृंदावन, हत्ती, नंदी आणि मोर हे तिचे नित्याचे आकृतिबंध. पदराजवळ मोठ्या आकृती असतात. पदरापासून दूर जाताना त्या लहान आणि विरळ होत जातात.

कसुतीत परंपरेने कापडावर नक्षी आधी रेखाटली जात नाही. कारागीर स्त्री कापडाचे ताणे-बाणे मोजते आणि त्या हिशेबाने सुई घालते. टाके मुख्यतः चार आहेत. ‘गवंती’ हा दुहेरी धावदोऱ्याचा टाका सरळ रेषा काढतो, तर ‘मुरगी’ पायऱ्यांसारखी नागमोडी रेषा उमटवतो. ‘नेगी’चे काम विणल्यासारखे भासते. ‘मेंथी’ हा फुलीचा टाका असून त्याला धागा सर्वाधिक लागतो.

यांपैकी गवंतीची रीत समजून घेण्याजोगी आहे. जाताना सुई एक टाका वर व एक टाका खाली घेत जाते आणि मध्ये रिकाम्या जागा राहतात. परतताना त्याच वाटेने येऊन ती त्या जागा भरून काढते. गाठ मारली जात नाही. धाग्याचे टोक टाक्यांतच दडवले जाते. परिणामी कापडाची उलट आणि सुलट बाजू सारखीच दिसते. युरोपातही हा टाका प्रचलित होता. सोळाव्या शतकातील चित्रकार हान्स होल्बाइन याच्या व्यक्तिचित्रांतील पोशाखांवर असे काम दिसते, म्हणून तिकडे तो त्याच्याच नावाने ओळखला जातो.

या पद्धतीत चूक लपत नाही. एक धागा मोजण्यात चुकला, तर परतीच्या वाटेवर आकृतीची टोके जुळत नाहीत आणि केलेले काम उसवावे लागते. खातेवहीत जमा आणि नावे यांचा मेळ बसेपर्यंत चूक शोधावी लागते, तसेच हे आहे. दोन्ही बाजूंचा हा मेळ हेच कसुतीचे सौंदर्य.

मोल कशाचे?

कसुतीला २००६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कर्नाटक राज्य हस्तकला विकास महामंडळाच्या ‘कावेरी’ विक्री केंद्रांमुळे राज्याच्या हस्तकला शहरी ग्राहकांपर्यंत पोहोचतात. तरीही छापील नक्षी आणि यंत्रावरील भरतकाम यांच्याशी तिला स्पर्धा करावी लागते. यंत्र जी नक्षी अल्पावधीत उमटवते, तिच्यासाठी हाताला कित्येक दिवस लागतात. साडीच्या किमतीत धाग्याचा वाटा थोडा असतो. खरी गुंतवणूक असते ती कारागीर स्त्रीच्या वेळेची आणि दृष्टीची. यंत्रकामाच्या भावाने हातकामाचे मोल ठरले, तर पुढील पिढीने ही कला का शिकावी, हा प्रश्न उरतोच.

पारख करणे ग्राहकाला अवघड नाही. पदर उलटून पाहावा. यंत्रकामात खालच्या बाजूला बॉबिनचा वेगळा दोरा दिसतो, तर गवंती आणि मुरगीच्या हातकामात तीच रेषा तितक्याच नेटकेपणाने उमटलेली असते. कोणी पाहो वा न पाहो, मागची बाजूही स्वच्छ राखणाऱ्या या हातांना योग्य दाम मिळणे, हाच त्यांच्या कलेचा खरा सन्मान होय.