औशाचा किल्ला दुरून दिसत नाही

लातूरहून निघून वीसेक किलोमीटर गेलं की औसा येतं. गावात शिरल्यावरही किल्ला कुठे आहे ते विचारावं लागतं. रायगड, प्रतापगड पाहून आलेल्या माणसाला हे नवल वाटतं, कारण किल्ला म्हणजे मान वर करून पाहायची गोष्ट, अशी आपली समजूत. औशाचा भुईकोट मात्र खोलगट जागेत बसवला आहे. भोवतालची जमीन उंच आणि किल्ला सखल. उंच बुरजावर उभ्या असलेल्या पहारेकऱ्याला चालून येणारी फौज लांबूनच दिसायची. फौजेला मात्र अगदी जवळ येईपर्यंत किल्ल्याचा मोठा भाग दिसायचा नाही. सपाट मराठवाड्यात सह्याद्रीसारखे कडे नाहीत, म्हणून बांधणाऱ्यांनी लपण्यासाठी जमिनीचा उतारच वापरला.

भुईकोटाचं खरं बळ खंदकात. औशाचा खंदक सुमारे 36 मीटर, म्हणजे जवळपास 120 फूट रुंद आहे. तो ओलांडून आत गेलं की वाट सरळ जात नाही, वळते. एका दरवाजातून दुसऱ्यापर्यंत पोचायला अंग वळवावं लागतं आणि त्या वळणावर दोन्ही बाजूंना उंच तट असतो. हत्तीला दरवाजावर धडक द्यायची तर धाव घ्यायला मोकळी जागा हवी. ती इथे ठेवलेलीच नाही. या जागी क्षणभर थांबून वर पाहावं. तटात जंग्या आहेत, म्हणजे बंदुकीची नळी बाहेर काढण्यापुरती भोकं. वळणावर अडकलेल्या शिपायाला ती सगळी आपल्यावरच रोखलेली दिसली असणार. दरवाजामागच्या देवड्या पहारेकऱ्यांच्या. हे एवढं उलगडलं की दगडांची रास वाटणारी जागा एकदम बोलू लागते.

हीच युक्ती जपानमध्येही भेटते. सामुराई योद्ध्यांच्या किल्ल्यांत दोन दरवाजांच्या मध्ये चौकोनी अंगण ठेवत, त्याला ते ‘मासुगाता’ म्हणतात. पहिला दरवाजा फोडून आत आलेला शत्रू त्या चौकात कोंडला जाई आणि चारी बाजूंनी त्याच्यावर मारा होई. 1609 मध्ये आजच्या रूपात पूर्ण झालेल्या हिमेजी किल्ल्यात मुख्य वाड्याकडे जाणारी वाट इतकी वळणं घेते की आजचा प्रवासीही चुकतो. तिथल्या पांढऱ्या भिंतींतली गोल, त्रिकोणी, चौकोनी भोकं म्हणजे आपल्या जंग्याच. त्यांनी लाकूड आणि चुन्याचा गिलावा वापरला, आपण काळा दगड. अडचण एकच होती, आणि दोन दूरच्या मुलखांतल्या कारागिरांनी तिला उत्तरही जवळपास एकच शोधलं.

औशाच्या किल्ल्याचं श्रेय बहमनी राज्याचा वजीर महमूद गवान याला दिलं जातं, काळ पंधराव्या शतकाचा उत्तरार्ध. पुढे बहमनी राज्य मोडलं आणि बिदरच्या कासीम बरीदाकडे औसा, उदगीर आणि कंधार हे तिन्ही किल्ले आले. नकाशा समोर ठेवला तर हेच तीन का, ते कळतं. बिदरकडे येणाऱ्या वाटा हे किल्ले अडवतात. पलीकडे निजामशाही, आदिलशाही, कुतुबशाही. ज्याला बिदर हवं त्याला आधी यांच्याशी गाठ घालावी लागे. म्हणून दीडशे वर्षं हा भाग कुणा ना कुणाच्या फौजेच्या पायाखाली राहिला. 1636 मध्ये शाहजहानच्या खान-इ-दौरान या सरदाराने उदगीर आणि औसा घेतले, आणि निजामशाही त्याच वर्षी कायमची संपली.

उदगीर हे नाव मराठी माणसाला ओळखीचं आहे ते 1760 मुळे. शाळेच्या पुस्तकात त्याला एखादं वाक्य मिळतं आणि लगेच पानिपत सुरू होतं. ते वाक्य थोडं लांबवायला हवं. सदाशिवरावभाऊंच्या सैन्याने निजाम सलाबतजंग आणि त्याचा भाऊ निजामअली यांना या भागात गाठलं. निजामाची फौज उदगीरकडून औशाच्या बाजूने सरकत होती. मराठे तिच्या कडेकडेने चालून रसद तोडत होते. 3 फेब्रुवारी 1760 ला निर्णायक गाठ पडली आणि निजामाला तह करावा लागला. साठ लाखांच्या आसपास उत्पन्नाचा मुलूख आणि दौलताबाद, अशीरगड, बऱ्हाणपूर, विजापूर यांसारखी ठाणी पेशव्यांच्या पदरात पडली.

या लढाईत सगळ्यांच्या डोळ्यांत भरला तो इब्राहिमखान गारदी. फ्रेंच सेनापती बुसीच्या हाताखाली शिकलेला हा तोफखान्याचा अधिकारी आता मराठ्यांकडे होता. घोडदळाच्या झपाट्यावर विसंबलेल्या मराठी फौजेला त्याच्या कवायती पायदळाची आणि तोफांची ताकद इथे पाहायला मिळाली. उत्तरेत दत्ताजी शिंदे पडले होते, 10 जानेवारीलाच, दिल्लीजवळ बुराडीच्या घाटावर. ती बातमी येताच मार्चमध्ये भाऊ परतूरहून निघाले. परतूर आज जालना जिल्ह्यात आहे. म्हणजे पानिपतची वाट मराठवाड्यातून सुरू झाली, आणि गारदी बरोबर नेण्याचा विश्वास उदगीरने दिला. 14 जानेवारी 1761 ला जे झालं त्याचं बी किती प्रमाणात या विजयात होतं, हा प्रश्न उदगीरच्या तटावर उभं राहून मनात आल्याशिवाय राहत नाही.

उदगीरचा किल्ला औशासारखा लपलेला नाही. सपाटीकडच्या अंगाला सुमारे चाळीस फूट खोल खंदक, आणि दुसऱ्या अंगाला जमीन दरीत उतरते. दगडांवर फार्सी-अरबी कोरीव लेख आहेत. किल्ल्यातच उदागीर बाबांचं स्थान आहे. गावाला नाव त्यांच्यावरूनच पडलं, असं मानतात. दर्शनाला येणारी मंडळी या किल्ल्यात नेहमी असतात. किल्ला पाहायला येणारे त्या मानाने कमी.

उदगीरहून कंधारला आलं की काळ एकदम सात-आठशे वर्षं मागे जातो. दहाव्या शतकात राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या वेळी हे भरभराटीचं नगर होतं. ‘कंधारपुरवराधीश्वर’ अशी बिरुदं नंतरच्या सरदारांनीही मोठ्या अभिमानाने लावली. तिथे क्षेत्रपालाच्या प्रचंड मूर्तीचे तुकडे सापडले आहेत. नुसतं पाऊल पाहिलं तरी मूळ मूर्ती केवढी असेल याचा अंदाज करताना माणूस गप्प होतो. आज जो भुईकोट दिसतो तो त्यानंतरच्या अनेक राजवटींनी वाढवलेला आहे. भोवती पाण्याचा खंदक, आत तट, बुरूज, पडके महाल, तोफा.

कंधारचा एक मोठा प्रसंग मात्र कंधारात कुठेच पाहायला मिळत नाही. 1631 मध्ये मोगल सरदार नसीरीखानाने या किल्ल्याला वेढा घालून तो जिंकला. हाच नसीरीखान पुढे खान-इ-दौरान झाला. शाहजहानच्या कारकिर्दीचा सचित्र इतिहास असलेल्या ‘पादशाहनामा’च्या हस्तलिखितात या वेढ्याचं चित्र आहे, पयाग या चित्रकाराचं. ते हस्तलिखित अवधच्या नवाबाकडून अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या राजाकडे गेलं आणि आज विंडसरच्या किल्ल्यात, राजघराण्याच्या संग्रहात आहे. आपल्या किल्ल्याचं चित्र दुसऱ्या देशाच्या किल्ल्यात जपलं गेलं याचं समाधान आहेच. पण त्याची एक चांगली छापील प्रत कंधारच्या दरवाजाशी लावायला काय हरकत आहे? चित्र समोर ठेवून तोच तट पाहण्यात जी गंमत आहे, ती कुठल्याही माहितीफलकात नाही.

जपानच्या किल्ल्यांतून शिकण्यासारखं असेल तर हे. तिथे किल्ला आणि संग्रहालय शेजारी शेजारी असतात. मात्सुमोतोच्या काळ्या किल्ल्यात, लढाईसाठी बांधलेल्या त्याच लाकडी मजल्यांवर, जुन्या बंदुकांचा मोठा संग्रह मांडला आहे. भिंतीतलं भोक आणि त्यातून डागायची बंदूक, दोन्ही एका नजरेत येतात. ती बंदूक आपल्याकडच्या तोड्याच्या बंदुकीची जवळची नातेवाईक. 1543 मध्ये पोर्तुगीज माणसांबरोबर ती तानेगाशिमा बेटावर उतरली आणि जपानी लोहारांनी थोड्याच वर्षांत ती घरी बनवायला घेतली. दख्खनमध्ये तिचं येणं साधारण त्याच शतकातलं. पोर्तुगीज आणि तुर्क, दोघांचाही त्यात हात होता.

तिची रचना समजून घेण्यासारखी आहे. नळीत आधी दारू, मग गोळी, गजाने ठासायची. नळीच्या बाजूला छोटी वाटी, तिला कान म्हणत. त्यात बारीक दारू, म्हणजे रंजक, ओतायची. सुताच्या दोरीला सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेला तोडा सतत धुमसत ठेवायचा. चाप ओढला की तोडा रंजकावर टेकतो, आग कानातल्या बारीक छिद्रातून आत शिरते आणि बार उडतो. पावसात तोडा विझला की बंदूक म्हणजे नुसती काठी. रात्री तोड्याचा लाल ठिपका शत्रूला जागा दाखवायचा. एका शिपायाला तटावर रात्रभर हा तोडा सांभाळत बसावं लागे हे कळलं, म्हणजे जंगीमागची दोन हातांची जागा रिकामी वाटत नाही.

नांदेड जिल्ह्यात अशा संग्रहालयाची सोय माहूरला आहे. राज्य सरकारचं छोटं संग्रहालय तिथे आहे. बहुतेक लोक रेणुकामातेच्या आणि दत्तशिखराच्या दर्शनाला येतात आणि परतीच्या गाडीची वेळ गाठतात. त्यांनी तासभर वेळ राखून ठेवावा, कारण माहूरच्या गडाला एका लढवय्या बाईचं नाव जोडलेलं आहे.

माहूरच्या उदाराम देशमुखांच्या घराण्यातल्या सावित्रीबाई. हे घराणं मोगलांच्या चाकरीत होतं. बाईंनी स्वतः फौज चालवली आणि त्यांना ‘रायबागन’, म्हणजे राजवाघीण, असा किताब मिळाला. 2 फेब्रुवारी 1661 ला उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी मोगल सरदार कारतलबखानाची फौज दाट रानात कोंडली, तेव्हा त्या खानाबरोबर होत्या. पुढे वाट नाही, मागे वाट नाही, पाणी नाही. शरण जाण्याचा सल्ला रायबागनने दिला, आणि खानाने तो मानला म्हणून हजारो माणसं जिवंत परतली. ‘शिवभारता’त हा प्रसंग आला आहे. त्या शत्रूच्या बाजूला होत्या, म्हणून मराठी माणसाने त्यांना फारसं आठवू नये, हे काही बरं नाही. जपानी लोक 1868 च्या आइझूच्या लढाईत लांब दांड्याचं शस्त्र घेऊन पडलेल्या नाकानो ताकेकोची आठवण जपतात, आणि तीही हरलेल्या बाजूचीच होती.

पडझडीचाही मुद्दा निघतोच. 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप औसा तालुक्यातला. जपानच्या कुमामोतो किल्ल्याला एप्रिल 2016 मध्ये भूकंपाने असंच हादरवलं; दगडी तट ढासळले. त्यांनी निखळलेल्या दगडांना क्रमांक दिले आणि दुरुस्ती वरून पाहता यावी म्हणून उंच पायवाट बांधली. लोक तिकीट काढून काम चाललेलं बघतात. आपल्या भुईकोटांत तट कसा दुरुस्त होतो, चुना कसा मळतात, हे दाखवलं तर पोरं त्यासाठीही येतील.

प्रवासाचा शेवट नांदेडला करावा. गोदावरीकाठचा नंदगिरी किल्ला बराच पडला आहे, तो वेळ कमी घेतो. सचखंड हुजूर साहिब या गुरुद्वाऱ्याला मात्र संध्याकाळ राखून ठेवावी. गुरू गोविंदसिंगांनी 1708 मध्ये इथे देह ठेवला. आजची इमारत महाराजा रणजितसिंगांच्या मदतीने 1832 ते 1837 या काळात उभी राहिली. आतल्या पवित्र खोलीत शस्त्रं आहेत: सोन्याची कट्यार, तोड्याची बंदूक, पस्तीस बाणांचा भाता, दोन धनुष्यं, रत्नजडित पोलादी ढाल, पाच सोनेरी तलवारी. संग्रहालयात शस्त्र काचेमागे असतं आणि त्याच्याखाली चिठ्ठी असते. इथे संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर सेवेकरी एकेक शस्त्र संगतीसमोर धरतात, त्याची ओळख सांगतात, आणि बसलेली माणसं मान तुकवतात. दिवाळीच्या सुमारास याच शस्त्रांना गोदावरीच्या पाण्याने स्नान घालतात. ते पाणी नदीवरून गागरीतून येतं, आणि ती गागर वाहणाऱ्याला वाटेत लोक बाजूला सरून वाट करून देतात.