जिप्सी की थार? आधी सोमवारचं बोला!

सह्याद्रीत पहिला पाऊस पडला की पुण्या-मुंबईच्या ऑफिसांमध्ये एक साथ येते. लंच टाइमला कुणीतरी मोबाइलवर चिखलात भिडलेल्या गाडीचा व्हिडिओ दाखवतं, दुसरा म्हणतो, ‘आपण पण घेऊ या रे एक’, आणि संध्याकाळपर्यंत ग्रुपवर सेकंडहँड गाड्यांचे फोटो फिरायला लागतात. २०२० नंतरची नवी थार बजेटच्या बाहेर असते. २०२३ मध्ये आलेली जिम्नी अजून सेकंडहँडमध्येही महाग वाटते. फिरून फिरून दोनच नावं उरतात: मारुती जिप्सी आणि जुनी महिंद्रा थार.

मी दोन्ही चालवल्यात आणि दोन्हींच्या प्रेमात आहे. पण बॉस, या गाड्या आपण शनिवारी सकाळी राजमाचीच्या वाटेवर चालवायला म्हणून घेतो आणि सोमवारी सकाळी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये चालवतो. वर्षातले फार तर वीस दिवस चिखल. उरलेले दिवस सिग्नल, पार्किंग आणि सोसायटीचे स्पीडब्रेकर. निवड त्या दिवसांवर करा, असं माझं सरळ म्हणणं आहे.

आधी जिप्सी. ती डिसेंबर १९८५ मध्ये आली तेव्हा तिला एक लिटरच्याही आतलं इंजिन होतं. १९९६ मध्ये १.३ लिटरची ‘किंग’ आली आणि २००० मध्ये एमपीएफआय इंजिन, ८० बीएचपीचं. आज शोधायची तर हीच शोधा, कार्ब्युरेटरच्या भानगडीत पडू नका. हिची सगळी जादू वजनात आहे. जेमतेम एक टन! जड गाडी चिखलात बसते, ही वरच्या वर निघून जाते. आणि रुतलीच तर चार मित्र आणि एक दोर पुरतो. गोव्यात भर पावसात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांत अजूनही जिप्सी उतरतात, ते काही उगाच नाही.

पण सोमवारी? बहुतेक जिप्सींना पॉवर स्टीअरिंग नाही, कंपनीचा एसी नाही. पुढे-मागे दोन्हीकडे पाटे, त्यामुळे प्रत्येक खड्डा थेट मणक्याला कळतो. इंजिनला ओरडायला लावल्याशिवाय ते मनावर घेत नाही. पेट्रोलचा आकडा तर घरी सांगूच नका. सामान्य गिऱ्हाइकासाठी ती २०१८-१९ च्या सुमारास बंद झाली, म्हणजे आता जी मिळेल ती वयात आलेलीच असणार.

थारचं उलट. ऑक्टोबर २०१० मध्ये आलेल्या या गाडीतलं अडीच लिटरचं सीआरडीई डिझेल १०५ बीएचपी देतं. पण खरा आकडा टॉर्कचा, २४७ न्यूटन मीटर, आणि तोही दोन हजार आरपीएमच्या आतच. चढावर क्लच सोडा, गाडी आपसूक वर सरकते. पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन, पॉवर स्टीअरिंग, मिळाला तर एसी. २०१५ च्या फेसलिफ्टमध्ये मागे लॉकिंग डिफरन्शियल आलं. म्हणजे मागचं एक चाक हवेत गरगर फिरायला लागलं की ते आपोआप लॉक होतं आणि जमिनीवरच्या चाकाला ताकद मिळते. नवशिक्या ड्रायव्हरच्या किती चुका ते पोटात घालतं, हे एकदा खडकाळ चढावर गेल्याशिवाय कळणार नाही. एक सांभाळा: जुन्या थारमध्ये साधं डीआय इंजिनही मिळायचं आणि ते टू व्हील ड्राइव्हमध्येही. स्वस्त दिसली म्हणून हुरळू नका, आधी फोर बाय फोरचा दांडा आहे का बघा.

माझ्या ओळखीतल्या एकाच्या घरी हा सगळा हिशेब आईच्या गुडघ्यांवर येऊन अडला. पाच वर्षांची बचत, घरातली पहिलीच गाडी, आणि आईला दर महिन्याला डॉक्टरकडे न्यायचं. दोन्ही गाड्या उंच, दोन्हींत चढायला कसरत. त्याला मी थारच सांगितली, २०१५ नंतरची, आणि सोबत फूटस्टेप. खरं तर त्याला मी आधी साधी हॅचबॅकच सांगून पाहिली होती, पण ते त्याने ऐकायचं कशाला! घरात दुसरी गाडी असेल आणि खरोखर दर पावसाळ्यात चिखलात उतरणार असाल, तर मात्र डोळे मिटून जिप्सी.

डोळे मिटायचे ते मॉडेल निवडताना. कागद बघताना नाही!

खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं. त्यानंतर फिटनेस तपासून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण आणि वर पर्यावरण कर. कारच्या नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी १०,०००. जिप्सीवाल्यांनी हा खर्च किमतीतच धरावा. थारवाल्यांना दिल्लीचा मोह पडतो. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर तिथे हरित लवादाने २०१५ मध्ये निर्बंध आणले, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते कायम केले, आणि तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात दिसायला लागल्या. एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नवा नंबर धरून बेरीज करा, मग स्वस्त म्हणा.

लष्कराच्या लिलावातली जिप्सी दिसायला झकास. पण विकणारा ‘पेपर होऊन जातील’ म्हणाला तर चहा प्या आणि निघा. तसंच मॉडिफिकेशनचं. जिप्सीत डिझेल इंजिन बसवलेलं असेल आणि आरसीवर पेट्रोलच लिहिलेलं असेल, तर अपघातानंतर इन्शुरन्सवाले काय म्हणतील याचा विचार करा. गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. चॅसिस नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा, गंजलेला असला तरी घासून.

गाडी बघायला पॉलिश केलेल्या यार्डात जाऊ नका, मालकाला मोकळ्या मैदानावर बोलवा. खाली झोपून चॅसिसवर नवीन वेल्डिंग, नवा काळा रंग शोधा. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियलचं तेल मेकॅनिकला काढून दाखवायला सांगा. ते दुधाच्या चहासारखं दिसलं तर गाडी नदीत पोहून आलीय. फोर हाय, फोर लो दोन्ही मातीवरच टाकून बघा. कोरड्या डांबरावर फोर बाय फोर लावून वळण घेतलंत तर चांगल्या गाडीचीही तुम्हीच वाट लावाल. जिप्सी साठच्या पुढे नेल्यावर स्टीअरिंग थरथरलं तर पुढच्या अॅक्सलचं काम निघालंय, तेवढे पैसे कमी करून घ्या.

सौदा जमला तर फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५, मगच पूर्ण पैसे. आणि पहिल्याच रविवारी सगळी गँग मागे कोंबायच्या आधी एकदा मागे वळून बघा. समोरासमोरची बाकं, वर कापडी छप्पर, आणि या वयाच्या बहुतेक गाड्यांत एअरबॅगचा पत्ताच नाही. हायवेवर त्या बाकांवर सामान ठेवा. पोरांना तिथे बसवू नका.