ईसीजी नॉर्मल आला, तरी डॉक्टर ट्रेडमिलवर का चालवतात?

जिना चढताना छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं. दोन मिनिटं थांबलं की बरं वाटतं. घरचे म्हणतात, "गॅस असेल, ओवा खा." मग कुणाच्या तरी आग्रहाने ईसीजी काढला जातो, तो नॉर्मल येतो आणि विषय तिथेच संपतो. खरं तर तिथे तो संपायला नको.

हृदय मुठीएवढं असतं. दिवसाला साधारण १ लाख ठोके आणि आरामात बसलेलं असतानाही मिनिटाला जवळपास ५ लिटर रक्त, एवढं त्याचं काम. गंमत म्हणजे कप्पे रक्ताने भरलेले असूनही हृदयाचा स्नायू त्यातून आपली गरज भागवू शकत नाही. त्याला रक्त पुरवतात त्या बाहेरून वेढा घालणाऱ्या कॉरोनरी धमन्या. हृदय आवळलं जातं तेव्हा स्नायूतल्या रक्तवाहिन्याही दाबल्या जातात. त्यामुळे डाव्या बाजूच्या स्नायूला बरंचसं रक्त मिळतं ते दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात. ठोके वाढले की हा विसावा कमी होतो आणि ऑक्सिजनची गरज मात्र वाढते.

बाकीचे स्नायू गरज पडली की त्याच रक्तातून जास्त ऑक्सिजन ओढून घेतात. हृदयाकडे ही सोय फारशी नाही, कारण आरामातही ते मिळालेल्या ऑक्सिजनपैकी सुमारे ७० टक्के वापरून टाकतं. रक्ताचा प्रवाह वाढवणं हाच मार्ग उरतो. धमनी चरबीच्या थरांनी अरुंद झालेली असेल, तर नेमकं तेच जमत नाही आणि स्नायू दुखून तक्रार करतो. हाच अंजायना. विल्यम हेबर्डन या इंग्रज डॉक्टरांनी १७६८ मध्ये त्याचं वर्णन केलं, तेही असंच: चालताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर येणारी, थांबताच जाणारी कळ.

आता ईसीजीचं कोडं सुटतं. नेहमीचा ईसीजी हृदयातल्या विजेची जेमतेम १० सेकंदांची नोंद घेतो, तीही पेशंट आडवा पडलेला असताना. तेव्हा रक्त पुरेसं पडत असेल तर कागदावर काही दिसत नाही. म्हणून ट्रेडमिल. दर ३ मिनिटांनी वेग आणि चढ वाढवतात, सोबत ईसीजी आणि बीपी चालूच. छातीत दुखतंय हे लपवून चालत राहणं म्हणजे टेस्टचा हेतूच बुडवणं. टूडी इकोमध्ये हृदयाच्या भिंती नीट हलतात का आणि झडपा कशा आहेत ते कळतं, पण धमनीतला अडथळा थेट दिसत नाही. त्यासाठी अँजिओग्राफी: मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी, डाय आणि एक्स-रे. त्याआधी नर्स अ‍ॅलर्जी, किडनीचे रिपोर्ट आणि मधुमेहाच्या गोळ्या विचारते, कारण डायचा ताण किडनीवर येऊ शकतो. नंतर ती सारखी हात तपासते, ते रक्तस्राव होत नाही ना आणि बोटांपर्यंत रक्त पोचतंय ना हे पाहायला.

थांबूनही दुखणं जात नसेल, बसल्या जागी सुरू झालं असेल किंवा घाम, दम, जबड्यात-हातात कळ सोबत असेल, तर १०८ ला फोन करायचा. स्वतः स्कूटर काढायची नाही. बायकांमध्ये आणि मधुमेहींमध्ये कधी कधी छाती दुखतच नाही, फक्त दम, मळमळ किंवा विचित्र थकवा जाणवतो. डॉक्टरांनी आधीच दिलेली सॉर्बिट्रेट असेल तर ती बसून जिभेखाली ठेवावी, कारण बीपी उतरतो. शेजाऱ्याची गोळी नको. सिल्डेनाफिल घेतलं असेल तर ही गोळी अजिबात नको.

दवाखान्यात पोचल्यावर पहिल्या १० मिनिटांत ईसीजी निघायला हवा. ट्रोपोनिनसाठी रक्तही घेतात. स्नायूला इजा झाली की हे प्रथिन रक्तात उतरतं, पण त्याला काही तास लागतात, म्हणून पहिला रिपोर्ट चांगला आला तरी पुन्हा रक्त घेतलं जातं. नर्स परत परत विचारते, "दुखणं नक्की किती वाजता सुरू झालं?" त्याचं कारण हेच. ती वेळ घरच्यांनी कागदावर लिहून न्यावी.