आधी खोली, मग स्पीकर, शेवटी डॅक

रायपुरात नवे घर बांधून झाले की बैठकीच्या खोलीसाठी उत्तम साउंड सिस्टीम घ्यावी, असा विचार हल्ली बऱ्याच घरांत होतो. दोन-तीन लाख बाजूला काढलेले असतात, यूट्यूबवर भरपूर पाहून झालेले असते, आणि पहिला प्रश्न हमखास येतो तो म्हणजे ‘डॅक कोणता घेऊ?’ खरेदीची घडी इथेच विस्कटते. फाइलमधल्या आकड्यांचे विजेच्या लहरींत रूपांतर करणारा हा भाग, आणि संपूर्ण साखळीत आज सर्वांत निर्दोष व सर्वांत स्वस्त झालेला भागही हाच. चार-पाच हजारांच्या नीट बनवलेल्या डॅकमध्येही स्वतःचा खरखराट संगीताच्या शंभर डेसिबल खाली असतो. त्यावर पन्नास हजार घालवले तर कानाला मिळणारे अंतर नगण्य असते. तेच पन्नास हजार स्पीकरवर घातले तर पहिल्याच आलापात फरक कळतो.

त्याहूनही आधी विचार करावा तो खोलीचा. ‘यंत्र भारी असेल तर कुठेही छान वाजेल’ हा सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज आहे. शंकरनगरातली किंवा चौबे कॉलनीतली नवी बैठक डोळ्यांसमोर आणा. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स किंवा संगमरवर, भिंतींना गुळगुळीत पुट्टी, एका बाजूला मोठी काच. मधोमध उभे राहून टाळी वाजवा, मागे झणझणाट ऐकू येईल. वॉलेस सॅबिन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बसवलेले सूत्र १५ बाय १२ फुटांच्या, १० फूट उंच, साफ रिकाम्या खोलीला लावले, तर आवाज विरायला साधारण अडीच सेकंद लागतात. संगीत ऐकायला हवेत अर्ध्या सेकंदाच्या आत-बाहेर. द्रुत लयीत सतारीवर सेकंदाला आठ स्वर पडत असतील, तर अशा खोलीत प्रत्येक स्वर पुढच्या कित्येक स्वरांवर सांडत राहतो. त्यावर कोणत्याही डॅककडे उपाय नाही.

उपाय साधे आहेत: जाड गालिचा, दुहेरी पडदे, पुस्तकांनी भरलेले उघडे कपाट. आपली जुनी गादी-लोडांची बैठक तर ध्वनिशोषक म्हणून फारच उत्तम. सोफ्यासाठी ती काढून टाकणाऱ्यांनी पुन्हा विचार करावा, असे मला मनापासून वाटते.

मात्र पडदे आणि गालिचे खर्जाला आवर घालत नाहीत. वरच्याच खोलीत लांबी, रुंदी आणि उंचीमुळे अनुक्रमे ३८, ४८ आणि ५७ हर्ट्झच्या आसपास आवाज साचतो, आणि पहिल्या दोहोंच्या दुपटीला, म्हणजे ७७ व ९६ हर्ट्झलाही. डग्ग्याचा घुमारा नेमका याच भागात येतो. म्हणून एका कोपऱ्यात डग्गा ढणढणतो आणि दोन पावले सरकले की पातळ होतो. स्पीकर भिंतीला टेकवू नयेत, दीड-दोन फूट पुढे घ्यावेत, आणि बसायची जागा मागच्या भिंतीला लागून किंवा खोलीच्या ऐन मध्यावर ठेवू नये. मायक्रोफोनने मोजून आवाज सुधारणारी रूम करेक्शनची सोय हल्ली अनेक अँप्लिफायरमध्ये असते, ती जरूर घ्यावी. साचलेला खर्ज ती चांगला कापते. पण जिथे खर्ज बुडालेला असतो तिथे तो भरून काढणे तिला जमत नाही, आणि टाइल्सचा झणझणाटही ती घालवू शकत नाही.

आता ‘हाय-रेझ’. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीचे माप १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ. माणसाचा कान तरुणपणी फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो. सीडी त्यापलीकडे, २२ किलोहर्ट्झपर्यंत जाते. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झची फाइल त्याहून ‘उघड चांगली’ वाजते, असे छातीठोकपणे सांगितले जाते. मायर आणि मोरन या अभ्यासकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत श्रोत्यांनी ५५४ वेळा फरक ओळखायचा प्रयत्न केला आणि २७६ वेळा बरोबर ओळखला. नाणे उडवूनही तेवढेच जमले असते. जोशुआ रीस या संशोधकांनी २०१६ मध्ये अनेक प्रयोग एकत्र करून पाहिले तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले, प्रशिक्षित कानांचे मात्र बरेच जास्त. म्हणजे सर्वसाधारण कानाला फरक जाणवलाच तर इतका बारीक.

त्यात आपल्या गावाचा उन्हाळा. पारा ४४ वर गेला की घरोघर कूलर लागतात आणि खोलीत ५५-६० डेसिबलची घरघर सुरू होते. संगीताचा सर्वोच्च आवाज ९० धरला, तर ऐकू येण्यासारखा पल्ला उरतो जेमतेम ३०-३५ डेसिबलचा. सीडी ९६ देते, २४ बिट कागदावर १४४. खर्च करायचाच असेल तर शांत चालणाऱ्या इन्व्हर्टर एसीवर करा. मंद्रातली मींड पहिल्यांदा पुरी ऐकू येईल.

जुन्या ध्वनिमुद्रणांबाबत तर फसगत सरळच होते. १९२५ च्या आधी भोंग्यासमोर गाऊन मुद्रण होई, आणि त्यात वरचे-खालचे पुष्कळसे स्वरांश मुळात उतरलेलेच नाहीत. बालगंधर्वांच्या त्या काळातल्या तबकडीची फाइल कितीही किलोहर्ट्झची केली, तरी जे नोंदलेच गेले नाही ते येणार कुठून? तिथे तबकडी किती स्वच्छ होती आणि रूपांतर कोणी किती काळजीने केले, हे महत्त्वाचे. फोनवरून ऐकताना मात्र एक खरा फरक आहे. ब्लूटूथवर आवाज दाबून जातो, तर वाय-फायवरून सीडीच्या दर्जाचा प्रवाह जसाच्या तसा पोचतो. म्हणून वाय-फाय स्ट्रीमर असलेला अँप्लिफायर घ्यावा.

वॅटबद्दल थोडक्यात. शक्ती दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो. ८४ डेसिबल संवेदनशीलतेच्या (म्हणजे ठरावीक शक्तीवर तेवढा आवाज देणाऱ्या) स्पीकरला जिथे १०० वॅट लागतात, तिथे ९० वाल्याला २५ पुरतात. तेव्हा स्पीकर आधी ठरवावा, अँप्लिफायर त्याला साजेसा. टॉवर स्पीकरचाही हट्ट नको: काळी एकच्या तानपुऱ्यातली खर्जाची तार ६९ हर्ट्झला बोलते, आणि साडेसहा इंची वूफरचा बुकशेल्फ स्पीकर स्टँडवर ठेवला तर तिथवर आरामात उतरतो.

केबलचे गणित आणखी सोपे आहे. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा पाच मीटर अंतरासाठी जाऊन-येऊन विरोध भरतो ०.०८ ओहम, आठ ओहमच्या स्पीकरच्या एक टक्का. विजेच्या सामानाच्या दुकानातली चांगली वायर पुरे. वाचलेल्या पैशांतून इलेक्ट्रिशियनकडून घराचे अर्थिंग तपासून घ्या, कारण सततच्या ‘हम्म’ आवाजाचे मूळ पुष्कळदा तिथे किंवा दोन उपकरणांच्या वेगवेगळ्या अर्थिंगमध्ये असते. छत्तीसगडच्या पावसाळ्यात विजा फार पडतात. सर्ज प्रोटेक्टर लावाच, आणि कडकडाट सुरू झाला की प्लग काढून ठेवा, नेटची वायरसुद्धा.

हवामानाचा विचार विक्रेता सहसा सांगत नाही. स्पीकरच्या कोनाभोवतीची कड फोमची असेल तर दमट उष्णतेत ती काही वर्षांत भुसभुशीत होऊन तुटते, रबराची कितीतरी जास्त टिकते. बोटाने हलकेच दाबून विचारा, कशाची आहे. अँप्लिफायर बंद कपाटात कोंडू नका. आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर दर दहा अंश वाढीला साधारण निम्मे आयुष्य गमावतात. उरला-सिलतऱ्याच्या कारखान्यांच्या बाजूने येणारी काळी धूळ जाळीच्या कापडावर थांबते, म्हणून जाळी काढून मिरवू नये.

दुकानात तुलना करताना दोन्ही जोड्यांचा आवाज मोबाइलवरच्या मीटरने शक्य तितका सारखा करून घ्या. जराशी मोठ्याने वाजणारी जोडी कानाला नेहमीच सरस वाटते. फार जवळचे दोन स्पीकर असतील तर मोबाइलवर विसंबू नका, पाळीपाळीने अनेकदा ऐका. खैरागडच्या संगीत विद्यापीठात किंवा महाराष्ट्र मंडळात समोर बसून ऐकलेला तानपुरा ज्यांच्या कानात आहे, त्यांनी सोबत तानपुऱ्याचेच मुद्रण न्यावे. आणि शेवटची निवड घरी आणून, स्वतःच्या खोलीत, पंखा-कूलर नेहमीसारखा चालू ठेवून करू द्याल का, असे विक्रेत्याला पैसे देण्याआधी विचारावे.